यादीत वेळ लिहिलेली नसते

नाशिकच्या एका कुटुंबानं विचारलं आहे. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सहा जण बेळगावला येणार. त्यात ६८ वर्षांच्या आई, त्यांना मधुमेह, आणि १० वर्षांचा मुलगा. शनिवारी दुपारी पोचायचं, रविवारी रात्रीच्या गाडीनं परत. फोनमध्ये २२ ठिकाणांची यादी तयार आहे. एवढी यादी हाताशी असताना सोबत माणूस कशाला घ्यायचा, असं त्यांचं म्हणणं. आणि घ्यायचाच झाला तर चांगला कोण, हे बाहेरच्यानं कसं ओळखायचं?

मी १८ वर्षं पाहुण्यांना बेळगावच्या गल्ल्यांतून खायला घेऊन फिरतो आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तुमची यादी मी वाचली. नावं बहुतेक बरोबर आहेत. पण तिच्यात वेळ कुठंच लिहिलेली नाही, आणि आमच्याकडचं रस्त्यावरचं खाणं सगळं वेळेवर चालतं. तुमच्या यादीतला चौथा गाडा संध्याकाळी साडेपाचला लागतो आणि आठला त्याची कढई उपडी होते. सातव्या क्रमांकाची पुरी-भाजी सकाळी नऊनंतर मिळाली तरी तिच्यात पहिल्या घाण्याची मजा नसते. अकरावं ठिकाण रविवारी बंद. पंधरावं आणि सोळावं शहराच्या दोन टोकांना आहेत आणि दोन्हींची खरी वेळ एकच, संध्याकाळची सात. हे कुठल्या पाटीवर लिहिलेलं नसतं, कारण गाड्याला पाटीच नसते. गल्लीत वाढलेल्या माणसाच्या ते अंगवळणी पडलेलं असतं. रस्ता फोनही दाखवेल. माणूस घ्यायचा तो वेळेसाठी.

सकाळचंच घ्या. रविवार पेठ, कांदा मार्केट या बाजूला हमाल, टेम्पोवाले, खेड्यांतून भाजी घेऊन आलेल्या बायका पहाटेपासून कामाला लागलेल्या असतात. त्यांच्या पोटात सातच्या आत काहीतरी पडायला हवं, म्हणून त्या भागात उप्पीट, पोहे, शिरा, इडली-वडा उजाडायच्या आधीच तयार असतो. हे खाणं ओझं उचलणाऱ्या माणसासाठी केलेलं आहे. वाढप भरपूर, दर बेताचा, मिरची सढळ. तुम्ही हॉटेलात अंघोळी उरकून साडेनऊला तिथं पोचलात, तर पातेल्याच्या तळाशी घट्ट झालेलं उप्पीट तेवढं उरलेलं असेल. ते खाऊन 'बेळगावच्या उप्पिटात काही खास नाही' असं म्हणत लोक परत जातात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. उप्पीटवाल्या बाईनं सकाळी साडेसहाला वाढलेली बशी त्यांनी बघितलेलीच नसते.

दुपारी बारा ते साडेचार गल्लीतल्या गाड्यांवर खाऊ नका. तेव्हा मांडलेलं तळण सकाळचं असतं आणि ओल्या खोबऱ्याची चटणी उन्हात उभी असते. ही वेळ खानावळीची.

खानावळीबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण महाराष्ट्रातून येणारे पाहुणे नेमकी तीच टाळतात. बाहेर कन्नड पाटी, आत बाकडी, मेनूकार्ड नाही. त्यांना वाटतं आपल्याला काही कळणार नाही, आणि ते पावभाजीच्या शोधात निघतात. अहो, ताटात येतं ते तुमच्या ओळखीचंच आहे. जोंधळ्याची भाकरी, भरलं वांगं, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची चटणी, दही, कांदा, मेथीची कोवळी पानं. वांग्याला इथं एण्णगायी म्हणतात. त्यात शेंगदाणे, तीळ, कारळं, सुकं खोबरं कुटून भरलेलं असतं आणि तेल वर तरंगतं. अंबाडीची भाजी आली तर तिला 'पुंडी पल्ले' म्हणतील. भाकरी दोन तऱ्हांची मिळते. बिसी म्हणजे तव्यावरून उतरलेली, मऊ. कडक म्हणजे पापडासारखी वाळवलेली, जी दहीचटणीबरोबर मोडून खायची. पहिल्या फेरीला बिसी घ्या, शेवटी दह्याबरोबर अर्धी कडक.

चांगली खानावळ ओळखायची माझी खूण एकच. दाराशी उभं राहा आणि आतून भाकरी थापल्याचा आवाज येतो का ऐका. येत असेल तर चपला काढा. आवाज नसेल आणि भाकऱ्यांची चवड टोपल्यात झाकून ठेवलेली दिसली, तर पुढं चला. साडेबारा ते पावणेदोन हा आवाज सगळ्यात दाट असतो. तुमच्या आईंसाठी दीड दिवसातलं सर्वांत चांगलं जेवण हेच आहे: आधी उसळ आणि पालेभाजी, मग एक भाकरी, भात नको.

संध्याकाळ मात्र गल्ल्यांची. गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली, खडेबाजार, किर्लोस्कर रोड हा सगळा खरेदीचा भाग. पाच वाजले की त्याच्या तोंडातोंडांवर गाडे उभे राहू लागतात. शनिवार आमचा बाजाराचा दिवस, त्यामुळे तुम्ही ज्या दिवशी येता त्या दिवशी गर्दी जास्त असेल. ती चांगलीच आहे, कारण घाणे भराभर निघतात.

इथं गिरमिट खा. मूळ ते हुबळी-धारवाडकडचं, पण आमच्याकडं चांगलं रुजलेलं. कांदा-टोमॅटो तेलात परतून त्यात चिंच-गुळाचं पाणी आटवतात. ते कालवण चुरमुऱ्यांवर घालून वर डाळ्याचं पीठ, कच्चा कांदा, कोथिंबीर, शेव. सोबत मिरची भजी असतेच. दिसायला भेळेसारखं असलं तरी स्वभाव वेगळा. भेळ पाच-दहा मिनिटं दम धरते. गिरमिट कालवल्यापासून तीन मिनिटांत संपलं पाहिजे, नाहीतर चुरमुरे मऊ पडून लगदा होतो. मी पाहुण्यांना आधीच सांगतो, की फोटो काढायचा असेल तर कालवताना काढा, बशी हातात आल्यावर नको. सहा जणांत सहा बशा एकदम मागवू नका. दोन मागवा, तिघांत एक वाटून घ्या, आवडलं तर पुन्हा ताजं कालवून घ्या. गाडेवाल्यालाही हे सोपं जातं.

लोणी डोशाची गोष्टही वेळेचीच. तवा पहिल्या चार-पाच डोशांपर्यंत जमत नाही आणि आंबवलेलं पीठ रात्री नऊनंतर आंबट व्हायला लागतं. मधला दीड-दोन तासांचा काळ खरा. डोसा घालण्याआधी लोण्याचा गोळा तव्यावर पडतो तिकडं बघा. खरं लोणी फेसाळतं, त्यातलं पाणी तडतडतं आणि घरी तूप कढवताना येतो तो वास सुटतो. नुसतं वितळून पिवळं पसरलं आणि वास आला नाही, तर साधा डोसा मागा.

गोबी मंचुरियन तुमच्या मुलाला नक्की हवं असणार, सगळ्या मुलांना हवं असतं. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारनं गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी केली. कापसाच्या गोड गोळ्यात, बुढ्ढी के बालमध्ये, जो रोडामाइन-बी नावाचा रंग सापडत होता त्यावरही त्याच वेळी बंदी आली, आणि जूनमध्ये कबाबांच्या रंगावर. तेव्हा मंचुरियन तपकिरी दिसलं तर खुशाल द्या. लालभडक दिसलं तर कितीही हट्ट केला तरी तिथं नको. प्रामाणिक गाडेवाल्यांनी त्या बंदीनंतर गिऱ्हाईक कमी झालेलं सोसलं, कारण लोकांना लाल रंगाची सवय झाली होती. तपकिरी मंचुरियन विकणाऱ्याकडं आपण मुद्दाम थांबायला हवं, असं मला वाटतं.

आता गाडा निवडायचा कसा, कारण सोबतचा माणूसही शेवटी हेच करतो. लोक विचारतात, गर्दी कुठं असते? मी विचारतो, संपतं कधी? ज्याचा माल रोज साडेआठला संपतो आणि जो त्यानंतर हात जोडून 'उद्या या' म्हणतो, त्याच्याकडं शिळं राहतच नाही. रात्री अकरापर्यंत सगळं मिळणाऱ्या गाड्यावर काय उरलं आणि काय पुन्हा गरम झालं, हे कळायला मार्ग नाही. दुसरं, बशा धुवायच्या बादलीकडं बघा. पाणी किती वेळा बदलतो ते पाच मिनिटं उभं राहिलं की समजतं. शहराला पाणी राकसकोप आणि हिडकलहून येतं, पण नळाला ते रोज चोवीस तास असतंच असं नाही, म्हणून गाडेवाला पाणी कुठून आणि कसं भरून आणतो हे त्याच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला ठाऊक असतं. तुमच्या मुलाला पाणीपुरी द्यायची असेल तर हे विचारल्याशिवाय नको. शेवपुरी चालेल. पिण्याचं पाणी सहा जणांचं बरोबरच ठेवा.

एकदा मीच दुपारी गाड्यावर न खाण्याचा नियम मोडला. गोव्याहून आलेल्या पाहुण्यांना परतीची घाई होती, म्हणून दुपारी तीनला एका ओळखीच्या गाड्यावर वडा-चटणी दिली. वडा ठीक होता, चटणी सकाळची. रात्री दोघांना चोर्ला घाटात गाडी थांबवावी लागली. गाडेवाल्यानं मला सांगितलं होतं, 'आत्ता नको, पाचला या की.' ऐकलं नाही ते मी. त्या दिवसापासून पाहुण्याला कितीही घाई असो, अवेळी मी कुठं थांबवत नाही.

घड्याळाइतकाच वार महत्त्वाचा. आमच्याकडं सोमवार, गुरुवार, शनिवार बरीच घरं मांसाहार करत नाहीत. त्या दिवशी मटणाच्या जेवणाचं ठिकाण उघडं असलं तरी रस्सा कमी खपतो. सावजीचं तिखट मटण खायचं तर बुधवार किंवा रविवार. श्रावणात सगळाच नूर बदलतो. नवरात्रात दुर्गामाता दौड असते तेव्हा गल्ल्या पहाटे पाचच्याही आधी जाग्या होतात, अनवाणी धावून आलेल्या पोरांना चहा-पोहे द्यायला लोक दारात उभे असतात. वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते, तेव्हा रात्री दोनला गरम भजी मिळते. रमजानमध्ये दरबार गल्ली आणि खडेबाजाराची संध्याकाळ बघावी. ज्याला बेळगाव खरं चाखायचं आहे त्यानं या दिवसांत यावं, गर्दीचं भय धरू नये.

काही दिवस मात्र टाळा. डिसेंबरात इथल्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं, लॉज भरलेले आणि रस्त्यारस्त्याला बंदोबस्त. १ नोव्हेंबरला शहरात एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडं मराठी माणसाचा काळा दिवस. १९५६ ला बेळगाव कन्नड राज्यात गेलं, तेव्हापासूनचं ते दुखणं आहे आणि त्या दिवशी कोणाच्या मनात खाण्याचा विचार नसतो. सीमेवर ताण वाढला की दोन्ही राज्यांच्या एसट्या कोगनोळीच्या आसपास थांबतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी बस चालू आहेत ना, एवढं विचारून घ्या.

आणि ऋतू. उन्हाळ्यात जांबोटी, कणकुंबी, खानापूरकडच्या बायका पाट्यांत करवंदं, जांभळं, काजूची बोंडं घेऊन बसतात. पावसाळ्यात अळंबी येते. महाशिवरात्रीच्या आधी रताळ्यांचे ढीग लागतात. तुम्ही जानेवारीत येताय, म्हणजे हुरड्याचे दिवस. कोवळ्या जोंधळ्याचा भाजलेला हुरडा, त्यावर शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. शहरात तो मिळतो, पण ज्याचा शेत असलेला मित्र असेल तो तुम्हाला शेतावरच नेईल. सोबतच्या माणसाची हीही एक परीक्षा: त्याचा शहराबाहेर कोणी आहे का.

आता तो माणूस ओळखायचा कसा.

आमच्यासारख्या शहरात वाटाड्यांची कार्यालयं नसतात. तुमचा कोणी नातेवाईक इथं असेल तर त्याच्या शेजाऱ्याला विचारा. निवृत्त शिक्षक, गल्लीतल्या गणेश मंडळाचा कार्यकर्ता, वर्षानुवर्षं एकाच स्टँडवर उभा असणारा रिक्षावाला, इथं चार वर्षं वसतिगृहात राहिलेला विद्यार्थी, यांतला कोणीही चांगला निघू शकतो. अलीकडं काही तरुण मुलं पैसे घेऊन फेरी काढतात, तेही बरं आहे, कष्टाचे पैसे आहेत. पण ठरवण्याआधी त्याच्याशी पाच मिनिटं बोला. 'सोमवारी काय बंद असतं?' हे विचारा. ज्याला लगेच सांगता येतं तो खरोखर फिरलेला आहे. 'तुम्ही काल सकाळी कुठं खाल्लंत?' हे विचारा. घरी खाल्लं म्हणाला तरी हरकत नाही, खोटं बोलतो का ते कळतं. आणि त्याच्याकडून तुम्हाला किती प्रश्न येतात ते मोजा. शेंगदाण्याची कोणाला बाधा आहे का, उपवास कोणाचा आहे का, आईंना किती चालवतं, मांसाहार किती जणांना चालतो. न विचारता थेट ठिकाणं सांगायला लागला तर त्याच्याही खिशात यादीच आहे असं समजा.

फेरीत जो दोनदा तरी 'नको' म्हणतो तो चांगला. 'इथं थांबू नका, आज याचं तेल बदललेलं नाही', 'हे आत्ता नको, परत येताना घेऊ.' ज्याला दुकानदाराकडून टक्केवारी मिळते त्याला असं म्हणता येत नाही. म्हणून मी खाण्याचे पैसे स्वतःच्या हातात घेतच नाही. पाहुण्यांनी ते गाडेवाल्याला द्यायचे, मला माझ्या फेरीचे वेगळे. गाडेवाला ओळखीपोटी 'ऱ्हाऊ दे की, पावणं हाईत' म्हणतो, तरीही पूर्ण द्यायचे. त्याचा दिवस तेवढ्या बशांवरच उभा असतो.

एकाच माणसाला सगळं बेळगाव येत नाही, हेही सांगतो. मी गल्लीतला मराठी माणूस. गणपत गल्लीपासून शहापूर-वडगावपर्यंत मला दारंदारं माहीत आहेत. पण कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीच्या भागातल्या बेकऱ्या, कबाब, बिर्याणी यांची खरी पारख तिथं वाढलेल्या माझ्या मित्राला. त्याच्या आजोबांपासून त्यांचं घर तिथं आहे. खानावळीत मला घेऊन जाणारा पहिला माणूस माझा लिंगायत वर्गमित्र होता, आजही नवीन खानावळ कळली की आधी त्याला विचारतो. म्हणून मी फेरीचा तेवढा भाग त्यांच्या हाती देतो. कोणी म्हणालं की मी एकटा सगळं दाखवतो, तर त्याचं निम्मं बेळगाव ऐकीव आहे.

भाषेची काळजी करू नका. आमचा गाडेवाला एका मिनिटात तीन भाषा बोलतो. एका गिऱ्हाइकाला 'काय घालू?', दुसऱ्याला 'येष्टु?', तिसऱ्याला दखनीत 'कित्ते होना?' तुमच्या मराठीवर सगळं भागेल. पण एक शब्द पाठ करा: खार. कन्नडमध्ये खार म्हणजे तिखट. काही वर्षांपूर्वी पुण्याच्या एका ताईंना खानावळीतल्या आजीबाई सांगत होत्या, 'खार जास्ती हाय बघा.' ताईंना वाटलं मीठ जास्त आहे, मीठ काय, चालेल म्हणून त्यांनी चटणी भाकरीवर लोण्यासारखी पसरली. डोळ्यांतून पाणी यायचं थांबेना, आजी बिचाऱ्या घाबरून दह्याचं भांडं घेऊन धावल्या. तेव्हा मुलासाठी 'खार कम्मी' म्हणा, पुरे झालं की 'साकु' म्हणा. आणि तिखट कमी हवं ते कालवण्याआधी सांगा. संकेश्वरी मिरचीचा एकदा पडलेला ठसका नंतर काढता येत नाही.

मी इथं कुठल्या गाड्याचं नाव लिहिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. त्याला कारण आहे. आमच्या भागात एक मावशी संध्याकाळी अडीच-तीन तास भजी तळायच्या. रोजच्या ओळखीच्या सत्तर-ऐंशी लोकांसाठी पुरेल एवढंच पीठ भिजवायच्या. कोणीतरी बाहेरून येऊन व्हिडिओ काढला, तो पसरला, आणि आठवड्याभरात गल्लीत गाड्या लागायला जागा उरली नाही. मावशींनी पीठ वाढवलं, हाताखाली माणूस घेतला, तेल दोनदा वापरायची वेळ आली. शेजाऱ्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. दोन महिन्यांनी गर्दी दुसरीकडं गेली, पण मावशींचा गाडा त्या कोपऱ्यावरून उठला तो उठलाच. त्यांच्या हातची बटाटा भजी मी लहानपणापासून खाल्लेली. आजही त्या कोपऱ्यावरून जाताना माझा पाय अडखळतो. म्हणून मी पाहुण्यांना हात जोडून सांगतो: व्हिडिओ काढायच्या आधी विचारा, आणि ठिकाण टाकायचं की नाही तेही विचारा. घाण्याच्या ऐन गर्दीत कॅमेरा समोर धरून मुलाखत घेऊ नका. माझ्याबरोबर सहाहून जास्त माणसं मी नेत नाही, तेही याचसाठी.

शिवाय छापील पत्ता टिकत नाही. २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत बेळगाव आलं आणि पुढं काही वर्षं रस्ते उकरलेले होते. तेव्हा सरकलेले कितीतरी गाडे मूळ जागी परतलेच नाहीत. फोनच्या नकाशावर ते अजून तिथंच उभे आहेत. गल्लीत विचारलं तर पोरं बोट दाखवून सांगतात, 'आता त्या बाजूला असतात बघा.'

तुमच्या दीड दिवसाचं मी असं करीन. शनिवारी दुपारी आल्यावर बाहेर काही खाऊ नका, आईंना तासभर पडू द्या. साडेचारला किल्ल्यात जा. तिथली कमल बस्ती १२०४ ची आहे, छताचं दगडी कमळ बघायला मान वर करावी लागते, पण आत गारवा असतो. भूक लागते. साडेपाचला गल्लीत उतरायचं, गिरमिट आणि मिरची, सातच्या सुमाराला लोणी डोसा, मग हॉटेलवर. आईंची गोळी किंवा इन्सुलिनची वेळ सोबतच्या माणसाला आधीच सांगून ठेवा. घाणा निघायला दहा-पंधरा मिनिटं उशीर होतो, आणि औषध घेऊन त्यांनी ताटकळत बसणं बरं नाही.

रविवारी तुमच्यापैकी ज्यांना उठवेल त्यांनी साडेसहाला स्वेटर घालून निघायचं. उप्पीट, शिरा, चहा. चहा 'बाय-टू' मागितला की एकाचे दोन पेले करून देतात. नंतर टिळकवाडीत चालत जा. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खणलेली विहीर आणि त्याचं स्मारक, वीरसौध, तिथं आहे. गांधीजी अध्यक्ष झालेलं ते एकमेव अधिवेशन. मुलाला दाखवण्यासारखं आहे, आणि सकाळचं खाणंही जिरतं. साडेबाराला खानावळ. दुपारी झोप. चारला कॅम्प, ज्यांना चालतं त्यांना कबाब, आईंना आणि मुलाला मिलिटरी महादेवाच्या बागेत बसू द्या. सहाला ज्याला जे पुन्हा खायचं असेल ते. एवढंच. तुमच्या २२ पैकी सहा-सात होतील आणि ते पुरेत.

कुंद्याचं शेवटी. तो शनिवारी घेऊन ठेवू नका, रविवारी संध्याकाळी गाडीला निघताना घ्या. मारवाडातून आलेल्या मिठाईवाल्यांनी तो इथं रुजवला. दूध आटवताना थोडं दही घालून त्याला रवाळ करतात, साखर जाळून तपकिरी रंग आणतात. चव घ्यायला मागा, देतात. दाणा जिभेवर लागला पाहिजे आणि बोटाला तूप लागलं पाहिजे. कोरडा, वडीसारखा तुटणारा घेऊ नका. आईंनी अर्धा चमचा खाल्ला तर काही बिघडत नाही, पण जेवल्यावर. डबा स्टीलचा आणा, घरी पोचल्यावर लगेच फ्रीजमध्ये. करदंट, म्हणजे डिंक-सुक्यामेव्याची मिठाई, गोकाकचं चांगलं, इथं दुकानांतही मिळतं आणि ते महिनाभर टिकतं, तेव्हा शेजाऱ्यांसाठी न्यायला तेच बरं. मांडे हवे असतील तर ते रस्त्यावर मिळायचे नाहीत. उपड्या खापरीवर भाजून, गरम असतानाच रुमालासारखी घडी घालतात. करणारी घरं थोडी, आणि त्यांना दोन-तीन दिवस आधी सांगावं लागतं. बुधवारपर्यंत संख्या कळवा, मी निरोप देऊन ठेवतो. आणि मुलाला तिखट किती चालतं, तेही त्याच निरोपात लिहा.